होमवर्कचं ॲप आणि घरातलं टाइमटेबल : मुलांचा दिवस कुणाला दिसावा?

जून महिन्यात शाळा सुरू झाली की पालक आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात : ट्यूशन कुठली लावू? अलीकडे त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो. "मोबाईलमध्ये होमवर्कचं, टाइमटेबलचं ॲप मिळतं म्हणे. ते टाकून देऊ का? पोरगं शिस्तीला लागेल का?"

भडगावसारख्या तालुक्याच्या गावात या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता येत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत कामाचा मोबाईल एकच असतो आणि शिकणारी मुलं तीन-चार. एक मूल उर्दू माध्यमात, दुसरं मराठीत, तिसरं सेमी-इंग्रजीत. सकाळी मक्तब, दिवसा शाळा, संध्याकाळी ट्यूशन. होमवर्क कधी वहीत येतो, कधी फळ्यावरच राहतो, कधी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि शंभर 'गुड मॉर्निंग'खाली गाडला जातो. आई-वडील कामावर. कोणत्या मुलाचा कोणत्या दिवशी काय अभ्यास आहे, याचा हिशेब कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

म्हणून ही ॲप काय करतात, ती कुणी आणि का बनवली, त्यात धोका कुठे असतो आणि आपल्या घरी त्यातलं काय घ्यावं, हे या लेखात क्रमानं पाहू.

ॲप नेमकं काय करतं?

होमवर्क-टाइमटेबलच्या ॲपमध्ये जादू काही नसते. त्याच्या पोटात तीन याद्या असतात. पहिली विषयांची : गणित, विज्ञान, उर्दू, मराठी, इंग्रजी. दुसरी तासांची : सोमवारी पहिला तास कोणता, मंगळवारी कोणता. तिसरी कामांची : कोणत्या विषयाचा कोणता स्वाध्याय कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, चाचणी कधी, प्रयोगवही कधी जमा करायची.

मूल ही माहिती एकदा भरतं. पुढे ॲप ती तारखेप्रमाणे लावून देतं आणि मुदत जवळ आली की फोनवर आठवण करून देतं. काम झालं की मूल त्यावर खूण करतं आणि ते यादीतून उतरतं.

म्हणजे चाळीस पानी वही, भिंतीवरचं कॅलेंडर आणि घड्याळाचा अलार्म, या तिन्हींचं काम एका जागी येतं. फायदा खरा आहे. डोक्यात दहा गोष्टी धरून ठेवायच्या म्हटल्या की मूल दमतं आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट निसटते. ती कुठेतरी लिहिलेली असेल तर डोकं मोकळं राहतं. आपले दुकानदार उधारी डोक्यात ठेवत नाहीत, वहीत मांडतात. तसंच हे.

पण ॲप जे करत नाही तेही समजून घेतलं पाहिजे. ॲप आठवण देतं, वेळ देत नाही. सात वाजता फोन वाजला की "गणित कर" एवढं कळतं. पण सात वाजता त्या मुलीच्या हातात पीठ असेल तर फोन वाजून उपयोग काय? या मुद्द्याकडे आपण पुढे परत येऊ.

एका शाळेतून निघालेलं ॲप

अशी बरीच साधनं मोठ्या कंपनीतल्या साहेबांनी नाही, शिकणाऱ्या मुलांनीच सुरू केली. कारण अडचण त्यांची होती.

क्विझलेट हे नाव काही पालकांनी ऐकलं असेल. शब्द आणि व्याख्या पाठ करण्यासाठी ते जगभर वापरलं जातं. २००५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आल्बनी गावात अँड्र्यू सदरलँड नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला फ्रेंचच्या वर्गात प्राण्यांची १११ नावं पाठ करायची होती. ती पाठ करायला त्यानं स्वतःसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. २००७ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला.

टाइमटेबलच्या बाबतीत आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण आहे सॅटर्न या ॲपचं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात वेस्टपोर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपल्स हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या डिलन डायमंड या विद्यार्थ्यानं आपल्या शाळेसाठी 'आयस्टेपल्स' नावाचं ॲप बनवलं. आपला पुढचा तास कोणता, कोणता मित्र कोणत्या वर्गात आहे, हे मुलांना फोनवर दिसू लागलं. शाळेत ते भरपूर चाललं.

पुढे डायमंड आणि त्याचा साथीदार मॅक्स बॅरन यांनी हीच कल्पना इतर शाळांसाठी खुली केली आणि ॲपचं नाव ठेवलं सॅटर्न. मुलांनी आपलं टाइमटेबल भरायचं, दोस्तांचं पाहायचं, कुणाचा कोणता तास एकत्र आहे ते कळायचं. २०२१ मध्ये या कंपनीत गुंतवणूकदारांनी ४.४ कोटी डॉलर घातल्याचं जाहीर झालं. जून २०२५ मध्ये स्नॅपचॅट चालवणाऱ्या स्नॅप कंपनीनं सॅटर्न विकत घेतलं.

वर्गातल्या एका मुलाच्या गरजेतून निघालेली गोष्ट इथवर पोचली, हे कौतुकाचं आहे. पण याच कहाणीचा दुसरा भाग आपल्या पालकांनी जास्त लक्ष देऊन वाचावा.

गडबड कुठे झाली?

सॅटर्नचा पाया विश्वासाचा होता : आपलं टाइमटेबल आपल्याच शाळेची मुलं पाहतील. त्यासाठी शाळेच्या ईमेलनं ओळख तपासायची असते. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल कार्यालयानं, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलांच्या मुख्य कार्यालयानं, चौकशी केली तेव्हा निघालं की २०२१ ते २०२३ या काळात ही तपासणी नीट होत नव्हती. ॲपमध्ये आलेला माणूस खरंच त्या शाळेचा विद्यार्थी आहे का, याची खात्री न करताच त्याला आत घेतलं जात होतं. मुलांच्या फोनमधल्या नंबरांची यादी कंपनीनं आपल्याकडे उतरवून ठेवली, हाही आक्षेप होता. जुलै २०२५ मध्ये हे प्रकरण मिटवण्यासाठी कंपनीनं ६ लाख ५० हजार डॉलर भरायचं मान्य केलं आणि मुलांच्या माहितीच्या संरक्षणासाठी बदल करण्याचंही.

आता जरा थांबून विचार करा. टाइमटेबल म्हणजे काय? आपण समजतो, गणित-विज्ञानाचा तक्ता. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पण तो तक्ता अनोळखी माणसाच्या नजरेतून वाचून पाहा. ही मुलगी सोमवार ते शुक्रवार किती वाजता शाळेतून निघते. ट्यूशनला कोणत्या वारी जाते, किती वाजता सुटते. कोणत्या दिवशी एकटी असते. फोटो आणि नाव माहीत झालं तर माणूस कोण ते कळतं. टाइमटेबल माहीत झालं तर माणूस कुठे सापडेल ते कळतं. म्हणून पासवर्डइतकीच काळजी टाइमटेबलची घ्यायला हवी.

आपल्याकडे खेड्यातून तालुक्याला शिकायला येणाऱ्या मुली एसटीनं किंवा काळी-पिवळीनं ये-जा करतात. त्यांच्या येण्या-जाण्याची वेळ ही घरच्यांना माहीत असावी अशी गोष्ट आहे, कुणाही येणाऱ्या-जाणाऱ्याला नाही. तीच वेळ आपण ॲपमध्ये भरतो तेव्हा ती कुणापुढे मांडतोय हे विचारलंच पाहिजे.

दुसरी वाट : नंबर न दाखवता निरोप

मग अशी सगळी ॲप वाईट का? नाही. त्याच सुमारास, तशाच विद्यार्थ्याच्या अडचणीतून निघालेलं दुसरं उदाहरण पाहा.

ब्रेट कोफ हा अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात शिकत होता. त्याला लहानपणापासून दोन अडचणी होत्या : डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्यात अडखळणं, आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं. कोणता निबंध कधी द्यायचा, परीक्षा कधी, हे सांभाळणं त्याला फार जड जायचं. त्याचा भाऊ डेव्हिड कॉम्प्युटरचं काम जाणत होता. त्यानं ब्रेटसाठी अशी सोय केली की परीक्षेची आणि अभ्यासाची आठवण त्याच्या फोनवर आपोआप येईल.

पुढे दोघा भावांनी २०११ मध्ये शिक्षकांसाठी ही सेवा सुरू केली. सुरुवातीचं नाव रिमाइंड १०१, नंतर नुसतं रिमाइंड. शिक्षकानं एक निरोप लिहायचा, तो सगळ्या मुलांना आणि पालकांना जायचा. महत्त्वाची गोष्ट ही की शिक्षकाला मुलाचा नंबर दिसत नाही आणि मुलाला शिक्षकाचा दिसत नाही. निरोप पोचतो, नंबर फिरत नाही.

आपल्या वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. ग्रुपमध्ये नाव टाकलं की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आईचा नंबर, ताईचा नंबर, सगळे. कित्येक माता याच कारणानं ग्रुपमध्ये येत नाहीत, आणि मग त्यांच्या मुलांपर्यंत होमवर्क पोचतच नाही. रिमाइंडनं हीच अडचण आधी ओळखली आणि रचनेतच सोडवली. व्हॉट्सॲपमध्येही आता चॅनल आणि कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपची सोय आहे. त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. शाळांनी होमवर्कसाठी ती वापरायला काय हरकत आहे?

दोन्ही ॲप विद्यार्थ्यांच्या गरजेतून आली. एकानं मुलाचा दिवस दुसऱ्यांना दाखवण्यावर भर दिला. दुसऱ्यानं मुलाला आठवण देण्यावर भर दिला. ॲप निवडताना हाच फरक ओळखायचा असतो.

आपल्या घरचं टाइमटेबल : आधी कागद

आता पुन्हा आपल्या घरात येऊ. आमचं सांगणं असं की कुठलंही ॲप टाकण्याआधी एक कोरा कागद घ्या. मुलाला, मुलीला समोर बसवा आणि दिवस लिहायला सांगा. 'असायला हवा तसा' नाही, 'आहे तसा'. उठण्यापासून झोपेपर्यंत.

आम्ही हा उपक्रम नववीच्या वर्गात करून घेतला. मुलांचे कागद आणि मुलींचे कागद शेजारी ठेवले तेव्हा फरक डोळ्यांत भरला. एका मुलीचा कागद असा होता : फजरला उठणं, नळ येण्याचा दिवस असेल तर पाणी भरणं, लहान भावंडांचा डबा, शाळा, घरी आल्यावर कपडे, भाकरी, धाकट्याला सांभाळणं, जेवण, भांडी. अभ्यास रात्री साडेनऊनंतर, डोळे मिटेपर्यंत. तिच्याच वयाच्या चुलत भावाच्या कागदावर संध्याकाळी पाच ते सात समोर एकच शब्द होता : 'बाहेर'.

ती मुलगी आळशी नव्हती. तिला ॲपची गरजही नव्हती. तिला एका तासाची गरज होती.

हे फक्त आपल्या गावाचं किंवा आपल्या समाजाचं चित्र नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरच्या लोकांना विचारलं की चोवीस तास कशात जातात. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे जवळपास पाच तास विरुद्ध दीड तासाहून थोडं जास्त. मुली या हिशेबात फार लहानपणी शिरतात.

होमवर्कचं ॲप तुम्हाला विषय विचारतं, तास विचारतं, मुदत विचारतं. घरातलं काम किती, हे ते विचारत नाही. त्यामुळे काम वेळेत झालं नाही की स्क्रीनवर लाल खूण दिसते आणि दोष त्या मुलीचा वाटतो. कागदावर पूर्ण दिवस लिहिला तर खरं कारण दिसतं. आणि ते अब्बूंना दिसतं, दादीला दिसतं, भावाला दिसतं. पाणी भरणं आणि दुकानातून किराणा आणणं ही कामं भावाकडे गेली तर तेवढ्यानं अर्धा-पाऊण तास सुटतो. कुणाचं नुकसान होत नाही. आपल्याकडे तालीम मुलगा-मुलगी दोघांसाठी महत्त्वाची मानतात. तिची वेळही मग दोघांना मिळाली पाहिजे.

वेळ घड्याळाची की कामाची?

टाइमटेबल बनवताना बहुतेक मुलं लिहितात : ७ ते ८ गणित, ८ ते ९ विज्ञान. तीन दिवस चालतं, चौथ्या दिवशी लाइट जाते किंवा पाहुणे येतात आणि सगळं कोलमडतं.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक साधी गोष्ट अभ्यासातून मांडली. 'मी रोज अभ्यास करीन' असं नुसतं ठरवण्यापेक्षा 'अमुक गोष्ट झाली की तमुक जागी बसून तमुक काम करीन' असं ठरवलं तर ते पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे नव्या सवयीला रोजच्या एखाद्या पक्क्या घटनेचा खुंटा लागतो.

आपल्या घरात असे खुंटे आधीच ठोकलेले आहेत. दिवसात पाच. 'मगरिब झाली की गणिताची वही उघडायची', 'ईशानंतर उद्याचं दप्तर भरायचं', 'फजरनंतर अर्धा तास पाठांतर'. यात घड्याळ पाहावं लागत नाही.

आणि इथे ॲपमध्ये एक व्यावहारिक अडचण येते. ॲपला अलार्म ठरावीक वेळेचा लागतो. आपल्या भागात मगरिब जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास होते, डिसेंबरात सहाच्या आधीच. तासाभरापेक्षा जास्त फरक. जूनमध्ये लावलेला साडेसातचा अलार्म हिवाळ्यात तसाच ठेवला तर संध्याकाळचा चांगला दीड तास रिकामा जातो. तेव्हा अलार्म लावणार असाल तर दर दोन महिन्यांनी वेळ बदला.

रमजानचंही तसंच. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च या काळात झाली आणि आपल्याकडे पहिला रोजा २ मार्चला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त परीक्षा रोज्यात. अशा वर्षी नेहमीचं टाइमटेबल चालत नाही. सहरीनंतरचा ताजा वेळ अवघड विषयाला, दुपार झोपेला, तरावीहनंतर हलकी उजळणी, असा वेगळा कागद आधीच तयार ठेवावा लागतो. हा विचार कुठलंही परदेशी ॲप आपल्यासाठी करून देणार नाही.

एक मोबाईल, तीन मुलं

कागद तयार झाला, घरात मांडला, वेळ मोकळी झाली. आता मोबाईलचा उपयोग करायला हरकत नाही. पण बऱ्याचदा वेगळं ॲप लागतच नाही.

फोनमध्ये आधीपासून असलेलं कॅलेंडर उघडा. गुगल कॅलेंडर फुकट आहे. प्रत्येक मुलाला एक रंग द्या : मोठीला हिरवा, मधल्याला निळा, धाकटीला पिवळा. त्यात रोजचा होमवर्क टाकत बसू नका, तो वहीतच ठेवा. कॅलेंडरमध्ये फक्त मोठ्या तारखा टाका : घटक चाचणी, प्रयोगवही, सहामाही, स्कॉलरशिप परीक्षा, फॉर्म भरण्याची शेवटची तारीख. आणि प्रत्येकीला दोन आठवणी लावा, एक आठवडा आधीची आणि एक आदल्या दिवसाची.

फॉर्मच्या तारखेवर आम्ही मुद्दाम जोर देतोय. आठवीतली एनएमएमएस परीक्षा घ्या. सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतल्या ज्या मुलांचं घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी ती आहे. मूल निवडलं गेलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० रुपये. हुशार मूल परीक्षेत मागे पडतं त्यापेक्षा उत्पन्नाचा दाखला वेळेत न काढल्यानं फॉर्मच भरला गेला नाही, असंच जास्त वेळा होतं. दाखल्याची आठवण महिनाभर आधी वाजली तर तहसीलला एक चक्कर जास्त होईल, पण वर्ष वाया जाणार नाही.

अभ्यासासाठी दीक्षा ॲप आहेच. केंद्र सरकारनं ते २०१७ मध्ये सुरू केलं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यानं स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. बालभारती उर्दू माध्यमाचीही पुस्तकं काढते, हे आपल्याला माहीत आहेच. मोबाईल मुलाच्या हाती द्यायचा तर अशा कामासाठी, ठरलेल्या अर्ध्या तासासाठी, आणि बैठकीच्या खोलीत.

ॲप टाकायचंच असेल तर

मोठ्या मुलांना, अकरावी-बारावीच्या किंवा कॉलेजच्या, वेगळं ॲप उपयोगी पडतं. विषय जास्त, प्रॅक्टिकल, क्लास, प्रवास. त्यांच्यासाठी डाउनलोड करण्याआधी पाच गोष्टी पाहा.

पहिली : ॲप कोणती परवानगी मागतं? होमवर्कच्या ॲपला आठवण देण्यासाठी नोटिफिकेशनची परवानगी लागते. ठीक. पण फोनमधले नंबर, लोकेशन, माइक कशाला? मागितलं तर 'नको' दाबा. नको म्हटल्यावर ॲप चालतच नसेल तर ते काढून टाका.

दुसरी : टाइमटेबल दुसऱ्यांना दिसतं का? सेटिंगमध्ये 'पब्लिक', 'फ्रेंड्स', 'शेअर' असे शब्द शोधा. आपल्याला 'फक्त मी' हवं.

तिसरी : अकाउंट न उघडता चालतं का? जे ॲप नाव, शाळा, फोटो न विचारता फोनमध्येच माहिती ठेवतं ते आपल्यासाठी बरं. शाळेचं पूर्ण नाव भरायची गरज नसते. 'शाळा' एवढं पुरतं.

चौथी : प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर 'डेटा सेफ्टी' असा भाग असतो. कोणती माहिती गोळा होते आणि कुणाला दिली जाते, ते ॲप बनवणाऱ्यानंच तिथे लिहिलेलं असतं. दोन मिनिटं देऊन वाचा. इंग्रजी जमत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या, त्यालाही कळेल.

पाचवी : ॲप पैसे कसं कमावतं? फुकट ॲपचा खर्च कुणीतरी भरतंच. जाहिराती असतील, वर्गणी असेल किंवा गुंतवणूकदार असतील. आणि कंपनी आज एकाची आहे, उद्या दुसऱ्याची होऊ शकते, हे सॅटर्नवरून दिसलंच. म्हणून आज भरलेली माहिती उद्या कुणाकडे जाईल हा विचार करूनच भरा.

कायदाही आता आपल्या बाजूनं येतोय. संसदेनं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर केला. त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे. मुलाची माहिती वापरायची तर कंपनीनं आई-वडिलांची खात्रीलायक संमती घ्यावी लागेल. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवणं आणि त्यावरून त्यांना जाहिराती दाखवणं यालाही मनाई आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाच्या मुदतीनंतर लागू होणार आहेत. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, पहिला पहारा घरचाच.

मात्र या भीतीपोटी मुलींच्या हातातून मोबाईलच काढून घेणं हा इलाज नाही. भाऊ वापरेल, बहीण नाही, असं केलं तर धोका कमी होत नाही. एनएमएमएसची तारीख, कॉलेजची प्रवेश यादी, वसतिगृहाचा फॉर्म हे तिच्यापर्यंत उशिरा पोचतं एवढंच. तिला वरच्या पाच गोष्टी शिकवा. त्या समजलेली मुलगी घरातल्या मोठ्या माणसांचाही फोन तपासून देईल.

आणि आपली मुलं बनवतील का?

आपल्या मुलांनीही असं काही बनवावं असं आम्हाला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेचं ॲप इन्व्हेंटर फुकट आहे. त्यात ठोकळे जोडावेत तसे तुकडे जोडून साधं ॲप तयार होतं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आठवी-नववीची मुलं ते शिकू शकतात. प्ले स्टोअरवर टाकायची घाई नको. आपल्याच वर्गासाठी, आपल्याच घरासाठी बनवा.

आणि बनवताना आपल्या अडचणी त्यात घाला : तीन भावंडं एका फोनवर, उर्दू आणि मराठी दोन्ही लिपी, मगरिबप्रमाणे सरकणारी वेळ, नेट नसतानाही चालणारी यादी, घरकामाचाही रकाना. क्विझलेट एका मुलाच्या फ्रेंचच्या पाठांतरातून आलं, रिमाइंड एका भावाच्या विसरण्यातून आलं. गिरणाकाठच्या मुलांच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या बाहेरच्या कुणाला सुचणार नाहीत.

तोवर या आठवड्यात एवढं करा. रविवारी संध्याकाळी घरातली सगळी शिकणारी मुलं एकत्र बसवा. प्रत्येकाचा दिवस आहे तसा कागदावर लिहून घ्या. मुलगा आणि मुलगी, दोघांचे कागद शेजारी ठेवा आणि दोघांनाही अभ्यासाचा एक-एक तास मिळतोय का ते मोजा. मिळत नसेल तर कुणाचं कोणतं काम कुणाकडे द्यायचं ते त्याच बैठकीत ठरवा. मग तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागे, घरच्या सगळ्यांना दिसेल असा लावा. बाहेरच्या दरवाजावर नको, आणि स्टेटसवर तर नकोच.